राजेंद्रनगरातील अठ्ठावीस अंडी : घरगुती उबवणी यंत्राच्या पहिल्या खेपेचा प्रकरण अभ्यास

२०२५ सालच्या महाशिवरात्रीला, म्हणजे २६ फेब्रुवारीच्या संध्याकाळी, इंदूरच्या राजेंद्रनगरात माझ्या बहिणीच्या घरी मागच्या खोलीतील उबवणी यंत्रात कडकनाथची २८ अंडी ठेवली गेली. एकविसावा दिवस १९ मार्चला, रंगपंचमीच्या दिवशी येत होता. २१ मार्चच्या रात्री यंत्र बंद केले तेव्हा १२ पिल्ले जिवंत होती आणि ९ अंड्यांत वाढ झालेली पिल्ले कवचाच्या आतच किंवा कवच फोडता फोडता मेलेली होती. या नऊंचे काय झाले, एवढाच या लेखाचा विषय आहे. पहिल्या खेपेत निम्मी पिल्ले निघाली की ‘पहिल्या वेळी इतके चालायचेच’ असे म्हणून पुढे जाण्याची रीत आहे. परंतु अठरा दिवस व्यवस्थित वाढलेली पिल्ले अगदी उंबरठ्यावर येऊन मरतात, तेव्हा त्यामागे दैवापेक्षा एखादी मोजता येण्याजोगी चूक असण्याचा संभव अधिक असतो. आमच्या बाबतीत तर ती चूक वहीत आकड्यांनिशी लिहून ठेवलेली होती, फक्त ती कोणी वाचली नव्हती.

यंत्र भाच्याचे. राऊच्या पुढे त्याची थोडी शेतजमीन आहे आणि तेथे चाळीस-पन्नास कडकनाथ पाळावेत असा त्याचा विचार होता. कडकनाथ हा पश्चिम मध्य प्रदेशातील झाबुआ भागाचा पक्षी. पिसांपासून मांसापर्यंत आणि हाडांच्या आवरणापर्यंत काळा, म्हणून तिकडे त्याला कालामासी म्हणतात. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेव्हापासून इंदुरात त्याची चौकशी वाढली. या जातीची एक अडचण अशी की तिची कोंबडी सहसा खुडूक होत नाही, आणि झाली तरी एकवीस दिवस नेटाने बसेल याची खात्री नसते. भिल्ल आणि भिलाला घरांत तिची अंडी साध्या गावठी कोंबडीखाली रवणीला घालतात, ते याच कारणाने. ज्याच्याकडे गावठी कोंबडीही नाही त्याला यंत्राशिवाय दुसरा मार्ग राहत नाही. भाच्याने बाजारातून ‘छप्पन अंड्यांचे’ म्हणून विकले जाणारे प्लॅस्टिकचे यंत्र आणले (इंदुरात छप्पन म्हटले की प्रथम खाण्याची दुकाने आठवतात, त्यामुळे घरात त्यावरून पुष्कळ थट्टा झाली), आणि झाबुआकडील एका पालकाकडून ३० अंडी घेऊन तो मोटारीने सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता तुडवत परतला.

माझा संबंध असा की मी शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे मोजमापाचे काही निघाले की भाच्याला मामा आठवतो. या खेपेत मात्र त्याला मामा आठवला तो सगळे होऊन गेल्यावर. तोवर मी केवळ येणारा-जाणारा पाहुणा होतो. वही ठेवण्याचे काम भाचेसुनेने स्वतःहून अंगावर घेतले होते, आणि पुढील सर्व आकडे तिच्या त्या वहीतले आहेत. ताईच्या सासूबाईंचा या उद्योगाला पहिल्यापासून विरोध होता. शिवरात्रीच्या उपवासाच्या दिवशी घरात अंडी असावीत याचे त्यांना फार वाईट वाटले. शेवटी ‘ही खायची नाहीत, जन्माला घालायची आहेत’ या युक्तिवादावर त्यांनी मागची खोली दिली, आणि पुढे दिवस मोजण्यात त्यांच्याइतके काटेकोर दुसरे कोणी नव्हते.

मांडणीतील बऱ्याच गोष्टी योग्य झाल्या होत्या, हे आधी नोंदवले पाहिजे. प्रवासाचे हादरे बसलेली अंडी लगेच यंत्रात न ठेवता, रुंद टोक वर करून, एक रात्र खोलीच्या थंडाव्यात स्थिर ठेवली होती. प्रत्येक अंडे दिव्यासमोर धरून पाहिले असता दोन अंड्यांना केसाएवढे तडे आढळले आणि ती बाजूला काढली गेली. राहिलेल्या अठ्ठावीस अंड्यांवर शिसपेन्सिलीने क्रमांक घातले (शाईच्या पेनाने अंड्यावर लिहू नये, कारण कवच सच्छिद्र असते), आणि भाचेसुनेने स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर प्रत्येक अंड्याचे वजन करून वहीत मांडले. ते कशासाठी, असे तिला पुढे विचारले तेव्हा ती म्हणाली, “काही नाही मामा, काटा होता म्हणून केलं.” या प्रकरणात घडलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

यंत्रात पंखा होता, अंडी दर दोन तासांनी आपोआप कलती होत होती, आणि पडद्यावर ३७.७ अंश सेल्सिअस हा आकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळजवळ हलला नाही. पंख्याच्या यंत्रात कोंबडीच्या अंड्यांना साधारण ३७.५ अंश लागतात. पंखा नसलेल्या पेटीत वरची हवा अधिक तापते, म्हणून तेथे अंड्यांच्या माथ्याशी अंशभर जास्त ठेवावे लागते. तापमानाची बाजू अशा रीतीने ठीक दिसत असल्यामुळे घरातील सगळी काळजी आर्द्रतेवर एकवटली. मार्चमध्ये इंदूरची हवा किती कोरडी होते हे येथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. सकाळी दोरीवर टाकलेली चादर जेवणापूर्वी वाळते. या कोरड्या हवेत अंडी आतून सुकून जातील या भीतीने भाच्याने यंत्राच्या दोन्ही पन्हाळी पाण्याने भरल्या, शिवाय एका वाटीत ओला स्पंज ठेवला, आणि ओल टिकावी म्हणून झाकणावरील हवेचे छिद्र अर्ध्याहून अधिक बंद केले. आत ठेवण्यासाठी त्याने लहानसे डिजिटल आर्द्रतामापक आणले होते. ते ५२ टक्के दाखवत होते. पहिल्या अठरा दिवसांसाठी ५० ते ५५ टक्के हा प्रचलित दंडक असल्यामुळे सर्वांना समाधान वाटले, आणि आकडा ५० कडे झुकला की स्पंज पुन्हा भिजवला जाऊ लागला.

सातव्या दिवशी, ५ मार्चच्या रात्री, अंधार करून मोबाइलच्या दिव्यावर अंडी तपासली. सतरा-अठरा दिवसांपूर्वी ज्याला यातले काही माहीत नव्हते अशा घरात त्या रात्री लहान मुलांपासून सासूबाईंपर्यंत सर्व जण रांगेने अंड्यात डोकावले. चांगल्या अंड्यात या वेळेस कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये हलणारा काळसर ठिपका दिसतो. पाच अंडी पूर्ण स्वच्छ, म्हणजे वांझ होती, आणि एकात रक्ताचे गोल कडे तेवढे होते. गर्भ सुरू होऊन पहिल्या काही दिवसांत मेला की असे कडे उरते. बावीस अंडी राहिली. दहाव्या दिवशी रात्री वीज गेली आणि सुमारे तीन तास आली नाही. यंत्रावर रजई घातली गेली, गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या गेल्या, आतले तापमान ३३ अंशांपर्यंत उतरले, आणि भाचा यंत्राशेजारी जमिनीवर बसून राहिला. चौदाव्या दिवशीच्या तपासणीत एक अंडे मेलेले निघाले, उरली एकवीस. अठराव्या दिवशी, १६ मार्चला, कलते ट्रे काढून अंडी जाळीवर आडवी ठेवली, पाणी आणखी वाढवले, आणि प्रथेप्रमाणे झाकण बंद केले. ठेवण्यापूर्वी भाचेसुनेने एकवीसही अंड्यांचे पुन्हा वजन केले आणि पहिल्या रकान्याशेजारी दुसरा रकाना भरला.

रंगपंचमीच्या दिवशी राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहायला घरातले कोणी गेले नाही. गेली कित्येक वर्षे न चुकवलेली गेर त्या दिवशी यंत्राच्या काचेतून दिसणाऱ्या कवचांपुढे फिकी पडली. संध्याकाळी पहिल्या अंड्याला टोच पडली, चिवचिव ऐकू आली, आणि २० मार्चच्या सकाळी पहिले पिल्लू बाहेर आले: निळसर काळे, पाठीवर गडद रेघा असलेले, चिंब भिजलेले. त्यानंतर अंतर वाढत गेले. काही अंड्यांतून आवाज येई पण टोच पडत नसे, आणि काही तासांनी आवाजही थांबे. दोन अंड्यांना छिद्र पडले, परंतु त्यांतील पिल्लांना कवच गोल चिरत नेता आले नाही. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने भाच्याने त्यांपैकी एकाचे कवच बोटांनी सोलून मदत करण्याचा प्रयत्न केला. आतल्या पापुद्र्यातील शिरा अजून रक्ताने भरलेल्या होत्या, त्यातून रक्त आले, आणि ते पिल्लू अर्ध्या तासात गेले. पापुद्र्यावर ताजे रक्त दिसत असेल तर पिल्लू बाहेर येण्यास तयार नाही असा त्याचा अर्थ असतो, आणि त्या अवस्थेतील मदत ही शस्त्रक्रियेपेक्षा जखमच ठरते. २१ तारखेच्या रात्री, म्हणजे तेविसाव्या दिवशी, बारावे आणि शेवटचे पिल्लू निघाले.

मला बोलावणे आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर घरात तीन निदाने झाली होती. भाच्याच्या मते वीज गेल्यामुळे अंडी गारठली. शेजाऱ्यांच्या मते पिल्ले बाहेर काढण्यासाठी दोनदा झाकण उघडले तेव्हा आतली ओल गेली आणि पापुद्रे सुकून पिल्ले आवळली गेली. आणि ताईच्या मते झाबुआहून येताना मोटारीत अंडी हादरली. सासूबाईंचे मत दृष्टीचे होते, ते मी वादात घेतले नाही. पहिली तिन्ही कारणे अशक्य कोटीतील नाहीत. उबवणीत ती घडतात. म्हणून कोणाचेच म्हणणे न खोडता मेलेली नऊ अंडी फोडून पाहावीत असे मी सुचवले. हे काम किळसवाणे आहे आणि वास येतो, हे मान्य. परंतु ज्याने अंडी फोडून पाहिली नाहीत त्याने आपल्या अपयशाचे कारण सांगू नये, असे माझे मत आहे. अंगणात जुन्या वर्तमानपत्रावर, हातमोजे घालून, आम्ही ती एकेक उघडली.

एकातील पिल्लू अठराव्या दिवसाच्या आसपास मेलेले होते, त्याचा बलक अजून बराचसा बाहेर होता. एकाचे डोके निमुळत्या टोकाकडे वळलेले होते. अशा उलट्या पिल्लाला हवेची पोकळी सापडत नाही, आणि काही अंड्यांत हे कोणत्याही यंत्रात घडते. छिद्र पाडून थांबलेल्या दोघांचा उल्लेख वर आलाच आहे. उरलेली पाच अंडी हीच खरी साक्षीदार होती. त्यांतील पिल्ले पूर्ण वाढलेली, बलक पोटात ओढून घेतलेली किंवा जवळजवळ घेतलेली, डोके योग्य जागी, आणि सगळी ओलीचिंब. मान आणि डोक्याचा मागचा भाग पाणी भरल्यासारखा सुजलेला. कवचाच्या आत मोकळे, चिकट पाणी. पापुद्रा सैल आणि ओला. तो सुकून कागदासारखा झालेला एकाही अंड्यात आढळला नाही, म्हणून झाकण उघडल्यामुळे पिल्ले आवळली गेली हे निदान तेथेच संपले. पाचांपैकी तिघांनी हवेच्या पोकळीचा पडदा आतून फोडला होता. दोघांना तेवढेही जमले नव्हते. आणि ती पोकळी, जी या वेळेस अंड्याचा सुमारे तृतीयांश भाग व्यापलेली असावी लागते, ती पाचही अंड्यांत लहान होती. एका अंड्यात तर जेमतेम आठ आण्याच्या जुन्या नाण्याएवढी.

उबवणीत मृत्यूची वेळ पाहिली की कारणांचे वर्तुळ लहान होते. हादरे, फार दिवस साठवलेली अंडी, सुरुवातीचे अतिउष्ण तापमान यांचा घाव मुख्यतः पहिल्या आठवड्यात दिसतो. आमच्याकडे त्या आठवड्यात एकच गर्भ गेला होता, म्हणजे मोटारीच्या हादऱ्यांना फार तर तेवढेच चिकटवता येईल. वीज गेली दहाव्या दिवशी; तिने जीव घेतला असता तर तो चौदाव्या दिवशीच्या तपासणीत दिसला असता, आणि तेथेही एकच होता. खुडूक कोंबडीसुद्धा दाणा टिपायला दिवसातून एकदा उठते आणि अंडी थोडी थंड होऊ देते. मधल्या काळातील गर्भ तापमानाचा उतार चढापेक्षा पुष्कळ सोसतो. तीन तास ३३ अंशांनी पिल्ले एखादा तास उशिरा आली असतील, मेली नसावीत. शेवटच्या तीन दिवसांत एकदम अनेक मृत्यू झाले की संशय आर्द्रता, खेळती हवा आणि तापमान यांवर जातो. ओली, सुजलेली पिल्ले आणि लहान पोकळी एकत्र दिसली की तो आर्द्रतेवर स्थिरावतो, आणि तोही कोरडेपणावर नव्हे, अतिरेकावर.

हे समजण्यासाठी अंड्याचा हिशेब लक्षात घ्यावा लागतो. कवचात हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि उबवणीभर त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जात राहते. जेवढे पाणी जाते तेवढी जागा रुंद टोकाला हवेने भरते आणि पोकळी वाढत जाते. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू चोच या पोकळीत घुसवते आणि आयुष्यातला पहिला श्वास तेथे घेते. तोवर त्याचे श्वसन कवचाला चिकटलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून चाललेले असते. पोकळी लहान राहिली तर पहिल्या श्वासाला हवा अपुरी पडते, वळायला जागा नसते, आणि न उडालेले पाणी पिल्लाभोवती व त्याच्या अंगातच साचून राहते. कोरड्या प्रदेशात राहून, पाण्याची एवढी काळजी घेऊन, पिल्ले अक्षरशः आत बुडाली होती. भाच्याला हे पटेना. “मामा, मीटर तर बावन्नच दाखवत होतं ना!” असे तो दोन-तीनदा म्हणाला, आणि त्याचे म्हणणे गैर नव्हते. मीटर बावन्नच दाखवत होते.

तेव्हा मी वही मागितली. अठराव्या दिवशी यंत्रात असलेल्या एकवीस अंड्यांचे पहिल्या दिवशीचे वजन मिळून ८८९ ग्रॅम होते आणि अठराव्या दिवशीचे ८२० ग्रॅम. दोन्ही रकाने शेजारीशेजारी, नीटनेटक्या अक्षरात, बेरजांसह लिहिलेले होते. वजाबाकी तेवढी केलेली नव्हती. घट ६९ ग्रॅम, म्हणजे ७.८ टक्के. कोंबडीच्या अंड्याने अठरा दिवसांत साधारण ११ ते १२ टक्के वजन गमवावे अशी अपेक्षा असते, म्हणजे या एकवीस अंड्यांतून शंभर ग्रॅमच्या आसपास पाणी जायला हवे होते. तीस-पस्तीस ग्रॅम पाणी आतच राहिले होते. येथे एक खुलासा करतो: घरगुती काटा एक ग्रॅमपर्यंतच मोजतो, त्यामुळे ४२ ग्रॅमच्या एका अंड्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते, परंतु एकवीस अंड्यांच्या वजनांची बेरीज घेतली की ती चूक नगण्य होते. १६ मार्चला ही वजाबाकी झाली असती तरी पुरी भरपाई होण्यास उशीर झालेला होता. सातव्या दिवशी झाली असती तर बहुधा पुष्कळ वाचले असते.

मग मीटरची परीक्षा घेतली. ती कोणालाही करता येते. एका बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन त्यात पाण्याचे थोडे थेंब घालायचे, इतकेच की मीठ विरघळून न जाता ओल्या वाळूसारखे व्हावे. हे झाकण आणि आर्द्रतामापक एका हवाबंद डब्यात शेजारीशेजारी ठेवायचे आणि रात्रभर डबा उघडायचा नाही. मिठाच्या अशा संतृप्त द्रावणावरील बंद हवेची आर्द्रता खोलीच्या तापमानाला ७५ टक्के असते. निसर्गाने फुकट दिलेले हे प्रमाण आहे. आमच्या मीटरने सकाळी ६१ दाखवले. म्हणजे ते चौदा टक्क्यांनी कमी वाचत होते. ५२ या आकड्यामागे यंत्रात प्रत्यक्षात ६५ च्या पुढे ओल होती, आणि शेवटच्या तीन दिवसांत त्याहून पुष्कळ अधिक. भाच्याने स्पंज भिजवला तो प्रत्येक वेळी चांगल्या हेतूने, आकडा पाहून, पुस्तकी दंडकाप्रमाणे. अर्धे बंद केलेले छिद्र वेगळ्या रीतीनेही आड आले, कारण शेवटच्या दिवसांत वाढलेली पिल्ले अधिक प्राणवायू मागतात आणि त्याच वेळी पेटीतली हवा सर्वांत कोंदट होती.

तेविसाव्या दिवसापर्यंत लांबलेली उबवणी मात्र आर्द्रतेने पूर्णपणे उलगडत नव्हती. उशीर हे बहुतेक वेळा कमी तापमानाचे लक्षण असते. म्हणून पडद्यावरील ३७.७ चीही तपासणी केली. माझ्याकडे प्रयोगशाळेचा जुना तापमापक आहे. तो प्रथम कोमट पाण्याच्या पातेल्यात ताप मोजण्याच्या थर्मामीटरशेजारी धरून जुळवून घेतला, कारण माणसाच्या तापाचा आणि उबवणीचा पट्टा योगायोगाने एकच आहे आणि घरातील सर्वांत विश्वासू उपकरण तेच असते. मग पाणी भरलेल्या लहान पिशवीत तापमापकाचे टोक ठेवून ती पिशवी अंड्याच्या जागी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली. नुसत्या हवेतील आकडा झाकण उघडताच पडतो, पाण्यातील आकडा अंड्यासारखा संथ बदलतो. पंख्यालगत ३७.६ आले, तेथे यंत्राचे म्हणणे खरे होते. पलीकडच्या कोपऱ्यात ३६.७ आले. यंत्राचा संवेदक पंख्याजवळ बसवलेला होता आणि तो आपल्यापुरते खरे बोलत होता. कोपऱ्यातील अंड्यांचे क्रमांक वहीत पाहिले असता २१ मार्चला निघालेली चारही पिल्ले तेथली होती, हे त्या दिवशीचे एकमेव समाधान.

बारा पिल्लांचे पुढे काय झाले ते थोडक्यात. खोक्यात लाकडाच्या भुशावर खरखरीत कापड अंथरून, बल्बखाली पहिल्या आठवड्यात ३५ अंश आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी अशी ऊब दिली. पहिले काही तास गुळगुळीत वर्तमानपत्रावर ठेवलेल्या एका पिल्लाचे पाय दोन्हीकडे फाकले होते. पायांना सैल पट्टी बांधल्यावर ते चार दिवसांत सरळ उभे राहिले. बेंबी नीट न मिटलेले एक पिल्लू तिसऱ्या दिवशी गेले. तेही कोपऱ्यातले होते. अकरा पिल्ले एप्रिलअखेर राऊच्या शेतावर गेली.

दुसरी खेप १० एप्रिलला घातली. अंडी त्याच पालकाकडून २६ आणली. या वेळी छिद्र पूर्ण उघडे, एकच पन्हाळ अर्धी भरलेली, स्पंज नाही, आणि मीटरच्या आकड्यात चौदा मिळवायचे असे झाकणावर चिकटपट्टीने लिहून ठेवलेले. भाचेसुनेने वहीत आता तिसरा रकाना आखला होता. एप्रिलच्या कोरड्या हवेत ही मांडणी दुसऱ्या टोकाला गेली, ते सातव्या दिवशीच कळले: ११०० ग्रॅमचे १०४३ झाले होते, म्हणजे ५.२ टक्के घट, जेथे चारच्या आसपास हवी होती. दुसरी पन्हाळ भरली. त्या दिवशी मीटर काय दाखवत होते, हे कोणी पाहिलेसुद्धा नाही. अठराव्या दिवशी उरलेली एकवीस अंडी ८९० वरून ७८६ ग्रॅमवर आली होती, ११.७ टक्के, सासूबाईंनी हा आकडा ऐकून ‘म्हणजे बरोबर का?’ असे विचारले आणि बरोबर आहे म्हटल्यावर जपाची माळ पुन्हा हातात घेतली. ३० एप्रिल आणि १ मे या दोन दिवसांत सतरा पिल्ले निघाली. फलित बावीस अंड्यांतून सतरा, पहिल्या खेपेत तेविसांतून बारा. मेलेली चार अंडी पुन्हा फोडून पाहिली. त्यांत एकही सुजलेले पिल्लू नव्हते.

कोपऱ्यातील अंडी मात्र याही वेळी अर्धा दिवस मागे राहिली. पंख्याजवळची अंडी कोपऱ्यात आणि कोपऱ्यातील पंख्याजवळ अशी रोज अदलाबदल करायचे ठरले होते. वहीप्रमाणे ती पाळी भाच्याची होती, आणि पहिल्या नऊ दिवसांनंतर त्या रकान्यात काहीही लिहिलेले नाही.